विंचू चावला म्हणून खाडा : फॅरोच्या कबरी खोदणाऱ्यांचं गाव

नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ इजिप्तचं नवं भव्य संग्रहालय सुरू झालं आणि प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन पुन्हा एकदा घरोघरच्या टीव्हीवर आला. सोन्याचा मुखवटा, सोन्याने मढवलेले पलंग, सोन्याच्या चपला. आई मेथी निवडत बातमी बघत होती. म्हणाली, "एवढं सगळं पुरलं ते ठीक. पण तो खड्डा कुणी खणला? आणि त्यांना काय दिलं?"

शाळेत आपण इजिप्त शिकतो तेव्हा राजे, देव, ममी आणि पिरॅमिड एवढ्यात धडा संपतो. खणणारे 'हजारो मजूर' या दोन शब्दांत गुंडाळलेले असतात. आईच्या प्रश्नाला मात्र चांगलं भरभक्कम उत्तर आहे. कुणाचा डोळा दुखत होता, कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणाच्या नवऱ्याने भाकरीवरून भांडण उकरलं, हे सगळं नावानिशी लिहिलेलं सापडलं आहे. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांबद्दल इतकी बारीक माहिती जगात फार थोड्या ठिकाणी मिळते.

गाव कुठलं, कधीचं

नाईलच्या काठी आज लक्सर नावाचं शहर आहे. नदीच्या पश्चिमेला थोडी शेती, आणि ती संपते तिथून एकदम उघडेबोडके चुनखडीचे डोंगर. या डोंगरांच्या मागे 'राजांचं खोरं' आहे. इ.स.पू. १५०० च्या आसपासपासून चारशेहून जास्त वर्षं इजिप्तच्या राजांच्या, म्हणजे फॅरोंच्या, कबरी इथे डोंगराच्या पोटात खोदल्या गेल्या. पिरॅमिड तोवर हजार वर्षं जुने झाले होते आणि आतला माल चोरांनी कधीच लांबवला होता. पिरॅमिड बांधणं म्हणजे 'खजिना इथे आहे' अशी मैलभरावरून दिसणारी पाटी लावणं. म्हणून आता दडवलेल्या, खोल कबरी.

दडवून खोदायचं तर खोदणारे हाताशी हवेत, कसबी हवेत आणि नजरेखाली हवेत. त्यांच्यासाठी सरकारने डोंगराच्या घळीत एक गाव वसवलं. आज त्याला देर अल-मदिना म्हणतात. राहणारे लोक नुसतं 'गाव' म्हणत. ऐन भरात असताना भिंतीच्या आत अडुसष्ट घरं होती, आणि भिंतीबाहेर आणखी काही. पाथरवट, गिलावा करणारे, चितारी, सुतार, त्यांचे मुकादम, कारकून आणि सगळ्यांची बायकापोरं. धरणाच्या कामासाठी कोयनानगरसारखी वसाहत उभी राहते तसंच हे, फरक इतकाच की इथलं काम कधी संपायचंच नाही. एक राजा मेला की दुसऱ्याची कबर सुरू. बापाची नोकरी मुलाला, मुलाची नातवाला.

गावात शेत नव्हतं आणि पाणीही नव्हतं. विहीर नाही, ओढा नाही. रोजचं पाणी खालच्या सखल भागातून गाढवांच्या पाठीवर यायचं. पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

एवढं कळलं कसं?

पहिलं कारण हवा. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे लाकूड, कापड, भाकरी, लिहिलेली शाई, सगळं टिकलं. आपल्याकडे कोकणात चार पावसाळ्यांत छपराचा वासा जातो. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची भाकरी भाकरीच्या आकारात सापडते.

दुसरं कारण लिहिण्याची सवय. इजिप्तची चित्रलिपी आपण फोटोत बघतो ती देवळांच्या भिंतींवरची, निगुतीने कोरायची. रोजच्या कामाला तिची भरभर लिहायची, जोडून वळणावळणाने जाणारी बहीण होती. बाळबोध आणि मोडी यांचं जे नातं, तेच या दोघींचं. देऊळ बाळबोधात, हिशेब मोडीत. कबरीच्या भिंतींवर चित्रं आणि मजकूर काढायचा असल्यामुळे या गावातल्या बऱ्याच पुरुषांना लिहिता-वाचता येत होतं. एरवी इजिप्तमध्ये साक्षर माणूस शंभरात एखादा असावा.

लिहायचं कशावर? पपायरस महाग. पण डोंगर फोडणाऱ्यांच्या पायाशी पांढऱ्या चुनखडीच्या गुळगुळीत कपच्यांचा खच पडलेला असायचा, शिवाय फुटक्या मडक्यांची खापरं होतीच. उचल कपची, लिही, काम झालं की फेक. अशा लिहिलेल्या तुकड्याला अभ्यासक 'ऑस्ट्राकॉन' म्हणतात. मी पुढे खापरीच म्हणेन.

तिसरं कारण एक फसलेलं काम. गावात पाणी लागावं म्हणून लोकांनी गावाबाहेर प्रचंड खड्डा खोदला. जवळजवळ पन्नास मीटर खाली गेले. पाणी लागलं नाही. मग वापर काय, तर कचरा टाकायला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार्ड ब्रुयेर याने या गावाचं उत्खनन १९२२ पासून १९५१ पर्यंत चिकाटीने केलं, आणि या खड्ड्यातून सुमारे पाच हजार खापऱ्या वर आल्या. गंमत बघा, १९२२ हेच वर्ष डोंगरापलीकडे हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडल्याचं. सोनं निघालं ते जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. कचरा निघाला तो यारोस्लाव चेर्नीसारख्या लिपितज्ज्ञांच्या टेबलावर, वर्षानुवर्षं वाचला जायला. इतिहासाच्या हिशेबात मला कचऱ्याचं पारडं जड वाटतं.

दारातून आत

गावाच्या मधोमध एक बोळ, इतका अरुंद की समोरासमोरच्या दारांतून भांडण करायला आवाज चढवावा लागू नये. दोन्ही बाजूंना चाळीसारखी एकमेकींना चिकटलेली घरं. भिंत सामाईक, म्हणजे शेजारच्यांचं सगळं ऐकू येणार. घर सरासरी सत्तर चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. मुंबईत याला आज काय भाव पडेल तो विचार सोडून द्या.

दार उघडलं की पहिली खोली, ओसरीसारखी. बऱ्याच घरांत तिच्या कोपऱ्यात पायऱ्यांचा विटांचा चौथरा, त्यावर बेस नावाच्या बुटक्या, जीभ काढलेल्या देवाचं चित्र. बाळंतीण आणि लेकरं यांचा राखणदार हा देव. एक पायरी चढून माजघर. मधोमध लाकडी खांब, भिंतीला लागून बसायचा कट्टा आणि कोनाड्यांत देव व पूर्वज. काही घरांत या कट्ट्याखालून तळघरात उतरायला जिना, आपल्याकडच्या पेवासारखा साठवणीचा. त्यामागे झोपायची लहान खोली, आणि शेवटी परसदारी उघड्यावरचं स्वयंपाकघर : मातीची भट्टी, धान्य दळायचा दगड, गच्चीवर जायचा जिना. उन्हाळ्यात निजायला गच्चीच.

दळायचा दगड म्हणजे फिरणारं जातं नव्हे. ते फार पुढचं. पाट्यावर वरवंटा मागेपुढे ओढावा तसं गुडघ्यांवर बसून पीठ करायचं. आणि धान्य कुठलं? मुख्य धान्य होतं आपला खपली गहू. सांगली-कोल्हापूरकडे खिरीसाठी जो हौसेने आणतात तोच. टरफल निघता निघत नाही अशी ख्याती असलेला. आधी कांडायचं, पाखडायचं, मग पाट्यावर ओढायचं, मग भाकरी. रोज. जवापासून दाट, पोटभरीची बीअर घरीच करत. भाकरी, बीअर, मासे, कांदे, कडधान्यं, हे रोजचं ताट. मटण सणासुदीला.

दहा दिवसांचा आठवडा आणि एक मस्टर

इजिप्तचा महिना तीस दिवसांचा, आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत पुरुष रात्री घरी येत नसत. खोऱ्याच्या माथ्यावर दगडी झोपड्या होत्या, तिथेच मुक्काम. म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस गाव बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांचं.

कामाची टोळी नावेच्या खलाशांसारखी दोन भागांत : उजवी बाजू आणि डावी बाजू. प्रत्येकीला एक मुकादम. एरवी टोळीत चाळीस ते साठ माणसं, चौथ्या रामसेस राजाच्या काळात एकशेवीस. कबरीत आत गेल्यावर काळोख, म्हणून चरबीत भिजवलेल्या कापडाच्या वाती मोजून दिल्या जात आणि किती संपल्या त्याचीही नोंद होई. तांब्याच्या छिन्न्या सरकारच्या मालकीच्या. देताना वजन, परत घेताना वजन. तांबं ही त्या काळातली रोकड होती, कुणी कानस मारून थोडं खिशात टाकलं तर?

आता ते मस्टर. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे. दुसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या चाळिसाव्या वर्षातली, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या सुमाराची. दोन्ही बाजूंनी भरलेली. उजवीकडे चाळीस कामगारांची नावं, प्रत्येकापुढे खाड्यांच्या तारखा काळ्या शाईने, आणि तारखेच्या वर बारीक लाल अक्षरांत कारण. आपल्या ऑफिसातलं मस्टर डोळ्यांपुढे आणा, तेच.

कारणं वाचताना हसू येतं आणि मग थोडं गप्प व्हायला होतं. 'आजारी' हे सर्वात जास्त वेळा. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचे डोळे दुखताहेत. पेन्नुबची आई आजारी. कुणी भावाचं प्रेत गुंडाळायला गेलाय. कुणी बीअर करतोय, आणि हे कारण लपवून नव्हे, उघड लिहिलेलं, कारण सण आणि श्राद्धासाठी बीअर लागायचीच. कुणी कारकुनासाठी दगड वाहतोय, म्हणजे साहेबाचं घरचं काम तेव्हाही होतं. आणि बऱ्याच वेळा येणारं एक कारण : घरातल्या बाईची पाळी. रजा बाईची नाही, पुरुषाची! तेवढे दिवस घरकाम कुणीतरी ओढायला हवं म्हणून ही सवलत असावी, असा एक अर्थ लावला जातो. 'बाजूला बसणं' ज्यांच्या आजीच्या घरात होतं त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही.

डोळ्यांचं दुखणं मात्र नीट बघायला हवं. चुनखडीची भुकटी, चरबीच्या वातीचा धूर, अंधारात बारीक रेघा. पाय नावाच्या चिताऱ्याने आपल्या मुलाला खापरीवर लिहिलेलं पत्र मिळालं आहे. मुलगाही चितारीच. बाप विनवतो : माझ्याकडे पाठ फिरवू नकोस, माझं बरं नाही. डोळ्यांसाठी थोडा मध आण, आणि खरं काजळ आण. मी तुझा बाप नाही का? मी माझी नजर शोधतोय, आणि ती राहिलेली नाही.

पगार धान्यात, हिशेब तांब्यात

नाणी अजून जन्मालाच यायची होती. मग पगार कसा? शिध्यात. धान्य मोजायचं माप होतं खार, साधारण ७६ लिटरचं पोतं. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती खपली गहू आणि दीड पोतं जव. मुकादमाला साडेपाच आणि दोन. शिवाय मासे, भाजी, सरपण, मडकी, पाणी सरकारकडून. त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली : कोळी, माळी, लाकूडतोडे, पखालजी, परीट. हो, परीटसुद्धा. प्रत्येक परटाला घरं वाटून दिलेली असत. काही खापऱ्यांवर धुवायच्या कपड्यांच्या याद्या आहेत, आणि काहींवर अक्षरांऐवजी कपड्यांची चित्रं, पुढे ठिपके. परटाला वाचता येत नव्हतं, मोजता येत होतं.

साडेपाच पोती म्हणजे चारशेवीस लिटर धान्य. लहान कुटुंबाला खाऊन उरेल इतकं. उरलेल्यावर बाजार चाले, आणि इथे लोक हमखास गोंधळतात. वस्तूला वस्तू देत असत, मग बकरी म्हणजे किती कांदे, हे कोण ठरवणार? त्यासाठी एक मनातलं माप होतं : देबेन, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांबं. तांबं प्रत्यक्ष द्यायलाच हवं असं नाही, फक्त किंमत त्यात बोलायची. पोतंभर गहू साधारण दोन देबेन, साधा अंगरखा पाच, गाढव पंचवीस ते चाळीस. मला तुमचं तीस देबेनचं गाढव हवं असेल तर मी दोन अंगरखे, पाच पोती धान्य आणि एक दहा देबेनची खाट देईन. बेरीज जुळली, व्यवहार मिटला. आपण लग्नात आहेर परत करताना 'त्यांनी पाचशेचा केला होता' म्हणून पाचशेचीच साडी शोधतो. पैसे हातात येत नाहीत, पण हिशेब पैशातच असतो.

याच मापाने साध्या कामगाराचा महिन्याचा पगार झाला सुमारे अकरा देबेन. म्हणजे गाढव घ्यायचं तर तीन महिन्यांचा पगार. वर कमाई होतीच : हे सगळे हाताचे कारागीर, सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांसाठी शवपेट्या रंगवत, पलंग करत, मूर्ती घडवत.

पण हे सगळे गुलाम होते ना?

नव्हते. साखळदंड, चाबूक, ओरडणारा पहारेकरी, हे चित्र सिनेमांनी पक्कं केलं आहे. या गावातले कामगार पगारी होते, घर होतं, सुट्ट्या होत्या, कोर्टात जायचा हक्क होता. पिरॅमिडांच्या काळाबद्दलही आता हेच दिसतं. गिझाला मार्क लेनर आणि झाही हवास यांनी मजुरांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि त्यांची दफनभूमी खोदून काढली. राजाच्या पिरॅमिडाच्या सावलीत गुलामाला कबर बांधू देत नाहीत.

म्हणून ते मुक्त आणि सुखी होते असंही समजू नका. गिझाच्या बऱ्याच मजुरांना सक्तीने बोलावलेलं असे, वेठबिगारीसारखं. आणि आपल्या या गावातही गुलाम होते. सरकारने धान्य दळायला काही दासी दिल्या होत्या आणि त्यांचे 'दिवस' घराघरांत वाटून दिलेले होते. गुलामांनी कबरी खोदल्या नाहीत. खोदणाऱ्यांचं पीठ मात्र दासींनी दळलं.

धान्य आलं नाही तेव्हा

तिसऱ्या रामसेसचं एकोणतिसावं वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास. शिधा रखडायला लागला होता. एकदा, दोनदा, वारंवार. हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कामगार हत्यारं खाली ठेवून निघाले आणि खोऱ्याच्या पाचही पहारा-भिंती ओलांडून खाली आले. म्हणाले, "आम्ही उपाशी आहोत. अठरा दिवस उलटले." आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले.

बसले, हे महत्त्वाचं. मोडतोड नाही, मारामारी नाही. आपल्याकडे सावकाराच्या दारात धरणं धरत, तसंच. देवळं हीच सरकारची कोठारं होती. धान्य जिथे भरलेलं आहे तिथेच जाऊन बसायचं. अधिकारी आले, शपथा घेतल्या, परत जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी लोक दुसऱ्या रामसेसच्या देवळाशी गेले, मग आत शिरले. तिथे त्यांनी सांगितलेलं गावातल्या कारकुनाने, आमेननाख्तने लिहून ठेवलं आणि तो पपायरस आज इटलीत तोरिनोच्या संग्रहालयात आहे : "भूक आणि तहान यांच्यामुळे आम्ही इथे आलो. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या धन्याला, फॅरोला कळवा. वजिराला कळवा. आमच्या पोटाची सोय करा."

मागचा थकलेला शिधा मिळाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा धरणं. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणून हा ओळखला जातो. गिरणी संपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना एक गोष्ट खटकेल : याच राजाने देवळांना दिलेल्या दानांची यादी इतकी लांब आहे की ती मावायला चाळीस मीटरहून लांब पपायरस लागला.

तंटे, पोलीस आणि पालखी

भिंतीला भिंत लागून घरं, सगळे एकमेकांचे नातेवाईक, सगळ्यांची एकमेकांकडे उसनवारी. भांडणं होणारच. गावाची पंचायत होती, मुकादम, कारकून आणि जुनी माणसं पंच. सर्वात जास्त खटले कशाचे? गाढवांचे. कामगार आपली गाढवं पखालजींना भाड्याने देत. भाडं थकलं, गाढव मेलं, मेलं की मारलं?

मेन्ना नावाच्या कामगाराची एक खापरी आहे. त्याने पोलीसप्रमुख मेंतमोसला ताज्या चरबीचं मडकं उधारीवर विकलं. मेंतमोस म्हणाला, जव आले की देतो, देव तुझं भलं करो. मेन्नाने तीनदा पंचांपुढे तक्रार केली. मध्ये राजा बदलला. पैसे नाहीत. शेवटी पोलिसाने शपथ घेतली : अमुक दिवसापर्यंत नाही दिले तर शंभर फटके खाईन आणि दुप्पट देईन. पोलिसाला माल उधार देऊ नये, हे शहाणपण बरंच जुनं असावं.

पंचांना उमगलं नाही तर देव. गावाचा देव म्हणजे पहिला आमेनहोतेप, मेल्यावर देव झालेला राजा. सणाला त्याची मूर्ती पालखीतून निघे. पालखी खांद्यावर गावचेच कामगार घेत. कुणी पुढे येऊन विचारायचं : माझी वस्तू याने चोरली का? हे घर माझं ना? पालखी पुढे सरकली तर हो, मागे गेली तर नाही. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, त्यांना हे नवल वाटणार नाही. पालखी नेमकी कुणी हलवली, असा प्रश्न पडेल. खांदेकऱ्यांना गावातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असत, असं आपण म्हणू.

बायकांच्या हातचं

गावातल्या बाईला मालमत्ता ठेवता येई, साक्ष देता येई, नवरा सोडता येई. इ.स.पू. ११४५ च्या सुमारास नाउनाख्ते नावाची म्हातारी पंचांपुढे उभी राहिली. आठ मुलं वाढवली, संसार मांडून दिले. "आता मी म्हातारी झाले, आणि ही मला बघत नाहीत. ज्याने मला हात दिला त्याला माझं देईन. ज्याने दिला नाही त्याला नाही." आणि काही मुलांची नावं वाटणीतून खरोखर गळली. ज्याने सांभाळलं त्या एका मुलाला जास्तीचं भांडंसुद्धा मिळालं.

दुसरी ताखेंतीशेप्से. तिचं बहिणीला पत्र : मी जव पाठवते, दळून घे, त्यात खपली घाल, भाकरी करून दे. कारण नवऱ्याशी भांडण चाललंय. भाकरीला जव किती लागतो याची चौकशी माझ्या आईने केली, त्यावरून तो मला सोडायच्या गोष्टी करतो. म्हणतो, तुझी आई तुझ्यासाठी काही करत नाही, भाऊबहिणी असून विचारत नाहीत. हे वाचून मला वाटलं, पोस्टाने चुकून आमच्याच गल्लीतलं पत्र आलं.

हे तर सरकारी नोकर. मग 'सामान्य' कसे?

रास्त शंका. हे गाव नमुना नाही, अपवाद आहे. लिहिता येणारे, बांधील पगाराचे, स्वतःचं घर असलेले. इजिप्तचे बहुतेक लोक शेतकरी होते आणि त्यांचा आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ येतच नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं हे एक. दुसरं, त्यांची कच्च्या विटांची गावं नदीकाठच्या ओल्या जमिनीवर होती. वर्षानुवर्षांच्या पुरांचा गाळ त्यांवर साठला आणि आज त्यांवर दुसरी गावं नांदताहेत.

शेतकऱ्याबद्दल जे लिहिलेलं आहे ते बहुधा कारकुनांनी, आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला. अर्धं पीक किडीने खाल्लं, उरलेलं पाणघोड्याने, आणि आता काठावर सारा वसूल करणारा कारकून काठ्यावाल्यांना घेऊन उतरलाय. बाळा, म्हणून कारकून हो. दहावीच्या मुलाला 'नाहीतर शेती करावी लागेल' म्हणून धाक घालणाऱ्या मास्तरांची ही पूर्वजमंडळी. अशा लिखाणावर कितपत विसंबायचं ते ज्याने त्याने ठरवावं. देर अल-मदिनाचे लोक निदान स्वतःबद्दल स्वतः बोलतात.

स्वतःसाठी खणलेली कबर

आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं, 'त्यांना काय दिलं', उत्तर धान्यात देऊन झालं. पण त्यांनी स्वतः काहीतरी घेतलं. गावालगतच्याच टेकडीवर, सुट्टीच्या दिवसांत, त्यांनी आपल्या कबरी खोदल्या. हत्यार चालवायची कला तीच, रंगही तेच, फक्त यावेळी गिऱ्हाईक घरचं.

त्यातली सेनेजेमची कबर १८८६ साली सापडली. पहिल्या सेतीच्या आणि दुसऱ्या रामसेसच्या काळातला हा कामगार. राहायचा गावाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या घरात. खोली लहान, पण भिंतीवरचे रंग काल दिल्यासारखे. एका भिंतीवर मेल्यानंतरचं जग काढलं आहे : चहूकडे पाणी, पाटांनी वेढलेली शेतं, खजुराची झाडं. ज्या गावात पाण्याचा थेंब गाढवावरून यायचा तिथल्या माणसाने स्वर्ग म्हणून हे रंगवलं. आयुष्यभर डोंगर फोडणारा सेनेजेम तिथे गुरं जुंपून नांगर धरतो, मागून बायको इयनेफर्ती टोपलीतून बी पेरत येते. पुढच्या पट्ट्यात दोघं कापणी करताहेत. आणि दोघांच्याही अंगावर सणाचे पांढरेशुभ्र कपडे आहेत, चुण्या घातलेले, त्यावर मातीचा एक डाग नाही.